वाढत्या अंगाचं बोनट

आमच्या घरी जीप होती असं मी आता कोणाला सांगितलं, की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. सुनेच्या माहेरची माणसं तर ‘म्हणजे तुम्ही मोठे कास्तकार’ म्हणून माझ्याकडे नव्यानं पाहतात. डोंबलाचे मोठे! बाभुळगावच्या अलीकडं आमचं गाव, पोटापुरतं वावर, कापूस अन् त्यात तुरीच्या ओळी. जीप होती ती कुठल्याशा साहेबाची, लिलावात निघालेली. बाबा बैलांसाठी सरकीची ढेप आणायला म्हणून यवतमाळला गेलते, ते जीप घेऊन आले. मायनं दारातच विचारलं, "ढेप कुठी हाय?" बाबा म्हणाले, "ढेप राह्यली." एवढ्यावर आमच्या घरात जीप आली, आणि बैल पुढचे कितीतरी दिवस कोरड्या कडब्यावर राहिले. त्या बैलांपैकी एकानं, सोन्यानं, ही गोष्ट मनात धरून ठेवली होती असं मला अजूनही वाटतं. ते पुढं येईलच.

सकाळी आमच्या घरात आधी मायच्या भाकरीची थापथाप ऐकू यायची, मग बाबांचं खाकरणं, आणि मग जीपचं. जीप बाबांपेक्षा जास्त खाकरायची. हॅन्डल मारमारून बाबा घामाघूम व्हायचे, कोंबड्या गोठ्याच्या छपरावर चढायच्या, चुलीवरच्या ठेच्याच्या वासात डिझेलचा वास मिसळायचा आणि माय तोंडाला पदर लावून म्हणायची, "लागली वं बाई उबळ." पण जीपचा हॉर्न मात्र कधी खाकरला नाही. किल्ली असो नसो, बटन दाबलं की गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचा. बाबांना तो हॉर्न फार सोयीचा पडला. आधीच कमी बोलणारा माणूस, त्याला ते बटन सापडलं. जेवायला घरी आले की हॉर्न. पाणी पाहिजे, हॉर्न. बायको माहेरच्या दारातून लवकर निघावी, हॉर्न.

मायचं माहेर कळंबचं, चिंतामणीच्या देवळाच्या मागच्या गल्लीत. तिथं माझा मामा, नामदेवमामा, शिंपीकाम करायचा. पुढं दुकान, मागं घर. आमच्याकडून कळंब काही लांब नाही. जीप आली तेव्हा मायला वाटलं, चला, आता चतुर्थीला तरी देवदर्शन होईल, भावाच्या घरी घटकाभर टेकता येईल. झालं काय, तर जीप बाजाराला गेली, सरकी आणायला गेली, गावातल्या कोणाच्याही वरातीला गेली, पण कळंबला जायचं म्हटलं की तिचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला असायचा. वर्षातून कधीतरी योग यायचा, तेव्हा बाबा आम्हाला मामाच्या दारात उतरवायचे, पाणी प्यायचे, ‘चहा नको’ म्हणायचे आणि बाहेर गाडीत जाऊन बसायचे. मामीनं आधण ठेवलं की हॉर्न. चहा कपात ओतला की हॉर्न. माय उभ्यानंच तो कढत चहा घशात ओतायची, डोळ्यांत पाणी आणायची आणि चपला घालायची. माझी माय माहेरचा चहा कधी निवू देऊन प्याली नाही. मला त्या वयात या गोष्टीचा जेवढा राग यायचा तेवढा दुसऱ्या कशाचाही येत नसे.

म्हणून मला गाडी शिकायची होती. बारावी झाली होती, पुढं कॉलेजला पाठवायचा घरात विषय नव्हता, स्थळं पाहणं सुरू होतं. सासरी गेल्यावर सुनेच्या हातात कोण स्टिअरिंग देतो? जे काय व्हायचं ते त्याच्या आधी. उभ्या जीपमध्ये बसून मी क्लच दाबायला, गिअर टाकायला शिकले होते. माय पाखडता पाखडता सुपावरून माझ्याकडे पाहायची. एक दिवस हळूच म्हणाली, "बेबी, शिकलीस तं मले कळंबले नेशीन न वं?" आमच्याकडे त्या काळी दर घरात एक बेबी असायची, आमच्या घरातली मी. मी त्याच दिवशी बाबांना विचारलं. बाबांनी विडी विझवली, जीपकडे पाहिलं आणि म्हणाले, "बोनट बसलं का शिकवतो."

आता हे बोनट. उन्हाळा लागला की इंजन तापतं म्हणून बाबांनी बोनट काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "हवा लागते," म्हणे. आमच्या भागात तेव्हा बरेच जण असं करायचे, यात नवल नाही. पण मायला ते भिंतीशी टेकलेलं पत्र्याचं धूड दिसलं आणि तिनं ते अंगणात विटांवर आडवं घातलं. वर धुतलेलं लुगडं, आणि लुगड्यावर कुरड्या. आमच्या वैशाखात तापलेल्या पत्र्यावर कुरड्या दुपारपर्यंत कडक! बाजेवर दोन दिवस लागायचे. शेजारच्या बाया पाहायला आल्या. माय एवढी खुश मी क्वचित पाहिली. आणि मग सोन्याचं दावं सुटलं. मिठाचा वास बैलाला कुठूनही येतो. आधी त्यानं कडेच्या कुरड्या चाटल्या, मग मधल्यांपर्यंत तोंड पुरेना म्हणून पुढचे दोन्ही पाय बोनटावर दिले. असा आवाज झाला की मी विहिरीवरून धावत आले. बोनटाची नाव झाली होती, बिजागरीचा कान फाटला होता, आणि सोन्या त्यात उभा राहून लुगडं चावत होता. बाबांनी दुसऱ्या दिवशी अंगणाला काट्यांचं कुंपण घातलं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! ते वाकडं बोनट पुढं सोन्याचीच गव्हाण झालं. त्याला ढेप मिळाली नव्हती, त्यानं बोनट घेतलं.

नवं बोनट आणायला बाबांना वेळ नव्हता. पेरणी होऊ दे म्हणाले. पेरणी झाली, तर डवरण, म्हणजे कोळपणी, होऊ दे. डवरण झालं, तर पोळा. मग दसरा, मग कापूस. या सगळ्या दिवसांत बाबा स्वतः बिनबोनटाची जीप सगळीकडे फिरवत होते हे ध्यानात घ्या. पाऊस आला की इंजनावर खताची थैली टाकायचे, ऊन पडलं की काढायचे. मी विचारलं की एकच उत्तर: "बोनट बसू दे." मी रात्री उशीत तोंड खुपसून त्या बोनटाला शिव्या द्यायची. पत्र्याला शिव्या देणारी मुलगी पंचक्रोशीत मी एकटीच असेन. दिवाळीनंतर बोरी अरब गावची माणसं मला पाहून गेली, पसंत पडले म्हणाली आणि लग्न होळीनंतर ठरलं. आता माझ्याकडे हिवाळा तेवढा उरला होता.

शेवटी माझीच चिडचिड ऐकून मायनं मार्ग काढला. नामदेवमामा अस्तराचं कापड घ्यायला नागपूरला जाणार होता. तिकडं जुन्या गाड्यांच्या भंगाराचा मोठा बाजार आहे, त्यानंच बोनट आणावं. बाबांनी सुतळी घेतली, जीपच्या नाकापासून काचेपर्यंत लांबी धरून गाठ मारली, मग आडवी रुंदी धरून दुसरी गाठ मारली आणि सुतळी मामाच्या हातात दिली. मामा म्हणजे गळ्यात कायम फीता, कानावर खडू. हसला. "भाऊजी, माप घ्याचं मले सांगता का? जनम गेला मापात." मलाही तेव्हा तेच वाटलं. मापाच्या कामाला शिंपी पाठवला, यापेक्षा शहाणपणा तो काय!

मामा आला तो एसटीच्या टपावर बोनट बांधून. आकाशी निळं. आमची जीप मातकट हिरवी. रंगाचं काही नाही, रंग देता येतो. पायऱ्यांच्या दगडावर बसून तो पाणी प्याला, मायनं त्याच्यासाठी कढीगोळे केले होते, वास सुटला होता, सगळे खुशीत. मग बाबांनी अन् मामानं दोन्हीकडून धरून बोनट जीपवर ठेवलं. ते पुढं दिव्यांच्या वर चार बोटं आलं. दोन्ही बाजूंनी मडगाडावर चार-चार बोटं आलं. जीप मोठ्या भावाची टोपी घातल्यासारखी दिसायला लागली.

बाबांनी सुतळी मागितली. लावली. म्हणाले, "नामदेवराव, माप तं बरोबर होतं."

"बरोबरच होतं," मामा म्हणाला. "दोन बोनटं होते, भाऊजी. एक तं असं, का गाठीले गाठ लागे. बरोब्बर."

"मंग?"

"बरोब्बर होतं म्हणूनच सोडलं."

मी मामाकडे पाहत राहिले. तो अगदी मन लावून समजावून सांगत होता. "मापाले माप घेतलं तं मानूस फसते. आपल्या गिऱ्हाइकाले इचारा. लेकराचा शर्ट असो का काही असो, चार बोटं जास्त ठेवलं तं दोन वर्षं जाते. वाढत्या अंगाचं घ्याव नेहमी."

"नामदेवराव," बाबा म्हणाले, "लोखंड हाय हे. जीप वाढन का?"

"वाढत नाही. पन पत्रा आटला तं?"

या माणसाला काय बोलावं? मला हसू यावं की रडू, तेच कळेना. तो बरोब्बर मापाचा तुकडा हातात धरून, सुतळी लावून, खात्री करून, परत ठेवून आला होता. त्याच्या धंद्यात ते शहाणपणच होतं. कळंबातली सगळी पोरं मामानं शिवलेल्या घोट्यापर्यंतच्या अर्ध्या चड्ड्या घालून शाळेत जायची आणि आया त्याला दुवा द्यायच्या. माझी जीप मात्र त्या शहाणपणाखाली दबून गेली.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसे शेजारचे भगवानकाका आले. उघडं इंजन असो की उघडी गटार, वाकून पाहायला पुरुष कुठून जमतात देव जाणे. आजही माझ्या मुलानं कारचं बोनट उचललं की गल्लीतले चार जण कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि कोणाला काही कळत नसतं. भगवानकाकांनी आधी तंबाखू मळली, मग म्हणाले, "कापून टाका." बाबा म्हणाले, कापलं तर धार राहते, हात कापतो. मग मामाचे डोळे चमकले. "कापाचं कायले? दुमडू. खालून चार बोटं दुमडू, ठोकून बसवू. शिलाई दिसनार बी नाही." त्यानं कानावरचा खडू काढला आणि बोनटाच्या कडेनं रेघ मारली. खरंच मारली. बाबांनी ती रेघ डोळे बारीक करून पाहिली आणि आत जाऊन घण आणला.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. रेघेवर लाकडाचा ओंडका धरायचा आणि पत्रा घणानं खाली वळवायचा. ओंडका धरायला कोण? मी. मला घाई होती ना! ठाण ठाण ठाण, दातांत मुंग्या यायच्या. कोंबड्या त्या दिवशी शेजारच्या घरी मुक्कामाला गेल्या. मामा मधून मधून पुढं येऊन ‘इथं चुनी पडून राह्यली, भाऊजी’ म्हणायचा, भगवानकाका ‘मी तं कापाच म्हटलं होतं’ म्हणायचे. कढीगोळे निवून गेले. उन्हं उतरली तेव्हा बोनटाला सगळीकडून जाड काठ आला होता, धोतराला असतो तसा, आणि मधल्या पत्र्याला पोचे आले होते ते वेगळेच. पण लांबी-रुंदी बसली. बिजागरीत बोल्ट गेले. बाबांनी नट हातानंच फिरवून ठेवले. समोरचे चाप काही त्या जाड काठाला पुरेनात, तिथं सुतळी बांधली, तीच, मापाची. मायनं हळदकुंकू वाहिलं. मामानं बम्परवर नारळ फोडला. बसलं बाई एकदाचं!

मी ओढणी कमरेला खोचली, हात धुतले आणि बाबांपुढं हात धरला, किल्लीसाठी.

बाबांनी हाताकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि म्हणाले, "रंग लागू दे."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला आता लिहूनही दाखवता येत नाही. ओंडका धरून हात सुजले होते, होळी दारात आली होती, आणि हा माणूस रंगाचं बोलत होता. भगवानकाका मान हलवत म्हणाले, "हां, रंगाबिगर पोरीच्या हातात गाडी बरी नाही दिसत. लोकं हासतात."

तेव्हा माय उठली. माझी माय कोणापुढं वर तोंड करून बोलल्याचं मला तोवर आठवत नाही. ती जीपपाशी गेली, वाकली आणि सुतळीची गाठ सोडायला लागली. बाबा म्हणाले, "अवं, काय करून राह्यली?" गाठ सुटली. मग तिनं बिजागरीचे नट फिरवले. ते हातानंच लावलेले, हातानंच निघाले. "बेबी, तिकून धर," म्हणाली. मी धरलं. दोघींनी मिळून ते निळं बोनट उचललं, अंगणात आणलं आणि कुरड्यांच्या विटांवर आडवं घातलं.

"घ्या," माय म्हणाली. "आता रंगवा निवांत. पाह्यजे तं फुलं काढा त्याच्यावर. गाडी इंजनानं चालते का बोनटानं? वरीसभर तुमी तशीच फिरवली, बाजारात फिरवली, वरातीत फिरवली. तवा कोन हासलं? पोरीनं म्हटलं का बोनट पाह्यजे! काहून?"

बाबांच्या हाताशी हॉर्न नव्हता. भगवानकाकांनी तंबाखू थुंकली आणि ‘ढोरं आली वाटते’ म्हणत निघाले. मामा एकटाच बोनटाकडे बघत होता, बिचारा. मग बाबांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. माझ्या हातात नाही दिली, जीपच्या सीटवर ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पुढं पाहत म्हणाले, "क्लच हळू सोडजो."

लायसनचं विचारू नका. तेव्हा कोणी विचारत नव्हतं. महिनाभर रोज सकाळी मी ती उघडी जीप पांदणीतून, म्हणजे वावरांमधल्या वाटेनं, बाभुळगावच्या रस्त्यापर्यंत नेली. बाबा शिकवायला चांगले होते, हे कबूल करायला पाहिजे. ओरडले नाहीत. एकदा मी जीप कापसाच्या पळाटीच्या वावरात घातली, तर म्हणाले, "वेचाई झाली हाय, काही नुस्कान नाही." पंख्याचं वारं अन् तेलाचे शिंतोडे सरळ तोंडावर यायचे. आठ दिवसांत माझं तोंड असं झालं की माय म्हणाली, बोरीवाले आता पुन्हा पाहायला आले तर नाही म्हणतील. मला त्याची फिकीर नव्हती.

चतुर्थी आली आणि मी मायला कळंबला नेलं. बाबा मागं बसले. ‘पोरगी एकटी कशी पाठवू’ म्हणाले. माय पुढं, माझ्या शेजारी, डोक्यावरचा पदर दातांत धरून. पूर्ण रस्ताभर ती नुसती हसत होती. देवळाच्या पायऱ्या उतरून आम्ही खाली गाभाऱ्यात गेलो, तिथं ती पाहिजे तेवढा वेळ हात जोडून उभी राहिली. मग मामाकडे. मामा मशीन सोडून बाहेर धावला, तोंडं तेलानं काळी झालेल्या आम्हा दोघींकडे त्यानं पाहिलंही नाही. आधी जीपच्या नाकाकडे पाहिलं.

"बोनट कुठी हाय?"

"घरी हाय, नामदेवा," माय म्हणाली. "लय कामाचं आनलं तू. दुमडून बी पहिल्यापेक्षा दोन शेर कुरड्या जास्त मावते."

मामाचा चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं मी? थोडं जास्तच घ्याव."

माझ्या लग्नाचे पापडही पुढं त्याच बोनटावर वाळले. गाडीवर ते पुन्हा कधी चढलं नाही, आणि त्याला रंगही कधी लागला नाही.

बाबा पाणी प्याले, ‘चहा नको’ म्हणाले आणि बाहेर गेले. मामीनं आधण ठेवलं. माय भिंतीला पाठ टेकून बसली, मामीला कोणाचं काय झालं, कोणाला काय झालं, विचारायला लागली. चहा कपात ओतला गेला. आणि बाहेर हॉर्न वाजला.

माय उठली. मामीचं सांगणं अर्ध्यावरच टाकून, सवयीनं उठली. एका हातानं पदर सारखा केला, दुसऱ्या हातानं तो कढत कप तोंडाला लावला. मी तिचा पदर धरून तिला खाली ओढलं.

"माय, बस. वाजू दे. किल्ली माह्याजवळ हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, जरा जास्त वेळ. माय बसली. तिनं मामीकडून बशी मागून घेतली, चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत म्हणाली, "हां, तं काय सांगत होती तू?"